देव नाही, तरी दिंडीत

वारीत नास्तिकाची पहिली पंचाईत होते ती पाया पडण्याची. दिवेघाट चढून रस्त्याकडेला टेकलो, तर आजीच्या वयाच्या एका बाईनं 'माउली' म्हणत सरळ माझ्या पायावर डोकं ठेवलं. मी पाय ओढून घेतले. शेजारचे मामा म्हणाले, "ओढू नका. आता तुम्ही त्यांच्या पडा, फिटलं." पडलो. त्यासाठी देव मानायची गरज लागली नाही.

मामा परभणीकडचे, कापूसवाले, गळ्यात तुळशीची माळ. मी देव मानत नाही हे त्यांना सासवडला कळलं आणि तेव्हापासून त्यांनी मला सोडलंच नाही. सुरुवात कायद्यापासून. "तुमच्या त्या दाभोलकरांच्या कायद्यानं वारी बंद पडणार होती म्हणे." ही आवई 2013 साली बरीच फिरली होती. मी मोबाइलवर तो जादूटोणाविरोधी कायदाच काढून दिला. यात्रा, परिक्रमा, हरिकथा, कीर्तन, भजन यांना तो लागू नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. मामांनी चष्मा लावून वाचलं, "बरं" म्हणाले आणि खऱ्या प्रश्नाला हात घातला. "देवाचं भय नाही, मग वाईट करताना तुम्हाला अडवतं कोण?"

लग्नाच्या पंगतीत हा प्रश्न हसण्यावारी नेता येतो. विचारणारा दिवसभर शेजारी चालत असेल तर नाही.

लोणंदला समाज आरती पाहिली. पालखी तळावर आली, चोपदारांनी चोप उंचावला आणि सगळे टाळ एकदम थांबले. एका दिंडीचे मात्र वाजतच राहिले. जिची तक्रार असेल त्या दिंडीनं टाळ थांबवायचे नाहीत, हा इथला रिवाज. चोपदार तिथवर गेले, म्हणणं ऐकलं, तेव्हा कुठे ते शांत झाले. मग हरवल्या-सापडल्याचा पुकारा: पाकीट, चष्मा, मोबाइल. मी म्हणालो, "बघा मामा, गाऱ्हाणं माणसांनीच ऐकलं."

"चोपदार कुणाचे? माउलींचेच ना?"

दुसऱ्या दिवशी तरडगावच्या वाटेवर मी 1947 काढलं. विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्यांना उघडावं म्हणून त्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले होते. दार बंद ठेवणारेही विठ्ठलाचेच भक्त.

"मग गुरुजी काय नास्तिक होते?" मामा लगेच म्हणाले.

नव्हते, आणि माझा मुद्दा तोच होता. दोन्हीकडे भक्त, दोन्हीकडे देवाचाच हवाला. तरी गुरुजींचं बरोबर, हे आज मामाही म्हणतात आणि मीही. हा निवाडा देवाच्या नावावरून होत असता तर चोखोबांच्या माणसांना दाराबाहेर सहाशे वर्षं काढावी लागली नसती. तो कुठून तरी दुसरीकडून होतो.

"कुठून म्हणजे? तुकोबांनी सांगून ठेवलंय. पुण्य पर उपकार, पाप ते परपीडा."

"या ओळीत देव कुठंय, मामा?"

मामा थोडा वेळ नुसतेच चालले. मग म्हणाले, "ओळीत नाही. पण दुसऱ्याची पीडा दिसायला आधी मीपण गळावं लागतं. ते नामानं गळतं."

उत्तर मला आवडलं, पटलं नाही. नाम घेणाऱ्यांचं मीपण टँकरच्या रांगेत कसं फुगतं, हे त्याच रस्त्यावर पाहिलं होतं. पालखी पुढे गेल्यावर शेतकऱ्याच्या बांधावर काय उरतं, तेही. तसं बोलून दाखवलं तर मामा म्हणाले, "खरंय. त्यांचं नाम कच्चं." असं म्हटलं की वादच खुंटतो. (आमच्यातल्या हलकटांबद्दल आम्हीही 'तो खरा विवेकवादी नव्हेच' म्हणतो, ते सोडा.)

पंढरपुरात दर्शनाची रांग संपता संपेना. मामांनी कळसाला हात जोडले, पिशवी खांद्यावर टाकली. "कापूस वेचून झाला की घरी या. जेवायचं, मुक्काम करायचा, आणि दुसऱ्याची पीडा कळते कशानं, ते देवाशिवाय समजावून सांगायचं. मी मध्ये बोलणार नाही."

ते मध्ये बोलणार. मी जाणार आहे.