काळ्या कुत्र्याचा फोटो डांबराच्या गोळ्यासारखा का येतो?

काळा लॅब्रेडॉर असो, काळी मांजर असो की गल्लीतून घरात आलेलं काळं पिल्लू, तक्रार एकच: डोळे दिसत नाहीत, फर दिसत नाही. नवीन लेन्स घेण्याआधी खिडकी बघा. दोष बहुतेक वेळा उजेडाच्या दिशेत असतो.

प्राणी खिडकीला पाठ करून बसला, की कॅमेरा मागच्या लख्ख उजेडाशी जुळवून घेतो आणि कुत्र्याचा नुसता आकार उरतो. त्याला खिडकीपासून साधारण एक मीटरवर बसवा, चेहरा खिडकीकडे थोडा वळलेला आणि उजेड एका बाजूने. काळी फर स्वतः उजळत नाही, ती फक्त चमकते. बाजूच्या उजेडाने त्या चमकेच्या रेषा उमटतात आणि नाक, कपाळ, कान वेगळे होतात. अंधारातल्या बाजूला पांढरी चादर खुर्चीवर टाकली तरी बराच फरक पडतो. थेट ऊन आत येत असेल तर पातळ पडदा ओढा. मागे गडद सोफा नको, त्यात कान विरघळतात. पांढरीशुभ्र भिंतही नको. मातकट किंवा हिरवट काहीतरी उत्तम.

आता कॅमेरा. त्याचं उजेड मोजणारं मीटर समोर जे असेल ते मध्यम राखाडी धरून चालतं. काळ्या चेहऱ्याने चौकट भरली की त्याला वाटतं अंधार आहे, मग तो फोटो उजळवतो आणि फर धुरकट राखाडी होते. म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम गडद किंवा उजळ करायची सोय) -०.७ ते -१ ठेवा. पांढऱ्या मांजरीला नेमकं उलट, +०.७ ते +१. फोनवर डोळ्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड लॉक होतात; मग सूर्याची खूण किंवा पट्टी खाली ओढायची.

अ‍ॅपर्चरबाबत नवशिके हटकून फसतात. ते म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र; एफचा आकडा जितका मोठा, तितकं ते लहान. ५० मिमीची लेन्स, एपीएस-सी सेन्सर (बऱ्याच लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांतला मध्यम आकाराचा), अंतर एक मीटर: एफ/१.८ वर जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर भाग स्पष्ट येतो. लॅब्रेडॉरचं तोंड त्याहून कितीतरी लांब, त्यामुळे डोळा धरला तर नाक धूसर. एफ/४ ला हीच पट्टी सहा सेंटिमीटरच्या आसपास जाते, एफ/५.६ ला आठच्या वर. फोकस नेहमी आपल्या जवळच्या डोळ्यावर. शटर, म्हणजे उजेड आत येण्याचा वेळ, बसलेल्या प्राण्याला १/२५० सेकंद, पळणाऱ्याला १/१०००. त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता) १६०० किंवा ३२०० करावा लागला तर करा. थोडे दाणे चालतात, हललेला डोळा चालत नाही.

ट्यूबलाइट बंदच ठेवा. खिडकीच्या उजेडात तिचा उजेड मिसळला की फर एकीकडे निळसर, दुसरीकडे पिवळट दिसते. शिवाय आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे काही दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि वेगवान शटरला फोटोत आडवे पट्टे येतात. रात्री त्यांच्याशिवाय भागतच नसेल तर शटर १/१०० वर आणा. फ्लॅश नकोच. कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यांमागे उजेड परतवणारा थर असतो. समोरून फ्लॅश पडला की डोळे हिरवे-पिवळे पेटतात.

फोन नाकाजवळ नेऊन काढलेल्या फोटोत नाक बटाट्याएवढं दिसतं. दीड-दोन मीटर मागे जा, २x वापरा आणि जमिनीवर बसा, म्हणजे लेन्स त्याच्या डोळ्यांच्या पातळीला येईल. मागचं धूसर करणारा पोर्ट्रेट मोड मिशा आणि कानाचे केस कापून टाकतो, काळ्या फरवर तर जास्तच. साधाच मोड बरा.

लक्ष वेधायला आवाज काढायचा, पण तयारी झाल्यावरच; सारखा आवाज केला की कुत्रा दुर्लक्ष करायला शिकतो. खाऊचा वाटाण्याएवढा तुकडा लेन्सच्या अगदी वर धरा. दुसऱ्याच्या हातात दिला की नजर तिकडे जाते. धापा टाकत असेल तर जीभ आत जाईपर्यंत थांबा. उन्हाळ्यात त्यासाठी सकाळी लवकरच फोटो काढलेले बरे. खाऊ समोर नसताना ओठ चाटणं, झोप नसताना जांभया, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, मान फिरवणं ही वैतागल्याची लक्षणं; तेव्हा कॅमेरा बाजूला. मांजरीला उचलून आणू नका, खिडकीजवळ रिकामा खोका ठेवा. ती आपणहून येईल, किंवा येणार नाही.

एडिटिंगमध्ये शॅडोज (गडद भाग उजळवणारी पट्टी) +२० ते +३० पुरे. त्यापुढे ओढलं की फरमध्ये रंगीत ठिपके उठतात, विशेषतः फोनच्या जेपेगमध्ये.