चिखलातला प्लॉट

दुपारी डोळा लागत होता, तेवढ्यात एका नातेवाइकाने फोटो पाठवला. काळ्या मातीत फक्कीच्या रेघा, कोपऱ्यांत खुंट्या, खाली ‘आत्ताच घेऊन टाक’. आमच्या आजोबांनी हायवेलगतचा असाच एक तुकडा ‘पावसाळ्यात इथे म्हैस तरी उभी राहील का’ म्हणत सोडला. तो न घेतलेला प्लॉट अजून प्रत्येक लग्नात पंगतीला असतो.

मला अशा वेळी विल्यम ऑग्डेन आठवतो. मेहुण्याने शिकागोत लाख डॉलरला जमीन घेतली होती, ती विकायला हा १८३५ साली न्यूयॉर्क राज्यातून आला. पाऊस पडून गेलेला. पाय चिखलात रुतले. त्याने मेहुण्याला कळवलं, शुद्ध मूर्खपणा केलास, पिढीभर इथे भाव येणार नाही. मग त्यातली तिसरा हिस्सा जमीन विकून सगळे लाख वसूल केले! तरी स्वारीला गावाचा भरवसा वाटेना. (आजोबा आणि हा, दोघांचं जमलं असतं.)

पण राहिला. १८३७ मध्ये शिकागोचा पहिला महापौर झाला आणि त्याच वर्षी देशभर मंदी आली. कर्जं बुडवू या, असा सूर निघाला, तेव्हा हा आडवा उभा राहिला. महापौर आणि देणं फेडा म्हणतो, हे मला अजून नीट पचलेलं नाही. पुढे रेल्वेसाठी पूर्वेकडचे धनको पैसे देईनात, तर घोड्यावरून शेतकऱ्यांच्या दारोदार हिंडून शेअर विकले. १८४८ मध्ये गाडी धावली. गावातल्या दुकानदारांना धास्ती, की शेतकरी आता बैलगाड्या घेऊन बाजाराला यायचेच नाहीत.

८ ऑक्टोबर १८७१ च्या रात्री शिकागो पेटलं. ऑग्डेनचं घर गेलं, त्याच्या भावाचं मात्र वाचलं. त्याच रात्री विस्कॉन्सिन राज्यातलं पेश्टिगो नावाचं गाव जळालं. तिथे ऑग्डेनच्या कंपनीची लाकडाची गिरणी होती. शिकागोत सुमारे ३०० माणसं गेली आणि ती आग जगाला पाठ आहे. पेश्टिगो आणि भोवतालच्या वस्त्यांत हजाराहून जास्त गेली. त्यातल्या साडेतीनशेएक जणांना एकाच खड्ड्यात पुरलं, कारण त्यांना ओळखणारंही कुणी उरलं नव्हतं.