४० किमीच्या शर्यतीआधीचे आठ दिवस, नंतरचे सहा : घोडीची कामवही

घोडी मारवाडी, वय ६ वर्षे, वजन पट्टीने ३८० किलो. सप्टेंबरअखेरपासून आठवड्यातले चार दिवस काम. शर्यत जानेवारीत, ४० किमीची, २० किमीच्या दोन फेऱ्या. प्रत्येक फेरीनंतर ठरलेल्या वेळेत नाडी मिनिटाला ६४ च्या आत यायला हवी, नाहीतर घोडं बाद. आधीच्या तीन महिन्यांची नोंद वेगळी आहे. इथं फक्त शेवटचा पंधरवडा, कारण तयार घोडं बिघडतं ते याच दिवसांत.

शेवटच्या आठवड्यात दम वाढत नाही. आज घेतलेल्या मेहनतीचं फळ अंगात उतरायला काही आठवडे लागतात, थकवा मात्र आजच येतो. शिवाय घोड्याच्या स्नायूंतली साखर (ग्लायकोजन) रिकामी झाली तर भरून यायला ४८ ते ७२ तास जातात. माणसापेक्षा हे काम फार हळू चालतं. दोन दिवस आधी “जरा दम पाहून घेऊ” म्हणून १५ किमी पळवलेलं घोडं सुरुवातीच्या रेषेवर अर्ध्या टाकीनं उभं राहतं.

८ दिवस आधी. शेवटचं मोठं काम. २४ किमी, ताशी ११ किमीच्या सरासरीनं, बहुतेक दुडकी. वाट कालव्याच्या मुरमाड रस्त्यानं. वावरातून जायचा मोह टाळा: तूर आणि पऱ्हाटी कापल्यावर उरलेली धसकटं तिरपी, टोकदार असतात आणि खुराच्या पुतळीत (तळव्याच्या मधल्या मऊ भागात) थेट घुसतात. काळी माती ओली असेल तर ती नालच ओढून काढते, आणि वाळल्यावर भेगांत पाय मुरगळतो. थांबल्यावर १० मिनिटांनी नाडी ६०, २० मिनिटांनी ५२. विश्रांतीची ३६.

नाडी मोजताना स्टेथोस्कोप डाव्या कोपराच्या मागे, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) येतो तिथं. १५ सेकंद मोजा, चारनं गुणा. ‘लब्-डब्’ मिळून एक ठोका. दोन मोजले की आकडा दुप्पट येतो आणि उगाच धाबं दणाणतं.

७ दिवस आधी. नालबंदी, आणि हातात धरून २० मिनिटं चाल. नाल शर्यतीच्या आदल्या दिवशी ठोकू नये याचं कारण खिळा. तो नाजूक भागाच्या जवळून गेला असेल तर लंगडणं त्याच दिवशी दिसेलच असं नाही, दोन-तीन दिवसांनीही दिसतं. आठवडा हातात असला तर खिळा काढून सुधारता येतं. तिसऱ्या दिवशी कडक जमिनीवर हातात धरून दुडकी पाहिली, डोकं सरळ, खूर थंड.

६ ते ३ दिवस आधी. एकूण काम नेहमीच्या निम्म्यावर. एक दिवस ८ किमी दुडकी, एक दिवस ४० मिनिटं चाल, एक दिवस नुसतं मोकळं सोडणं, आणि चौथ्या दिवशी ६ किमी, त्यात २०० मीटरचे तीन कँटर (दुडकीपेक्षा वेगाची दौड), दरम्यान पूर्ण दम घेऊन. थोडं वेगाचं काम ठेवायचं, अंतर तोडायचं. उलटं केलं की घोडं सुस्तावतं.

काम तोडलं की दाणाही तोडा. तयार घोडी इथंच बिघडतात. रोजचा दाणा जव २ किलो आणि भिजवलेला चणा १ किलो; मोकळ्या दिवशी निम्मा, गवत मात्र पोटभर. पूर्ण दाणा आणि पूर्ण विश्रांती मिळालेलं घोडं दुसऱ्या दिवशी कामाला काढलं की पहिल्या पाव-अर्ध्या तासात पुठ्ठे (मागच्या भागाचे स्नायू) दगडासारखे होतात, घाम फुटतो, पाऊल उचलत नाही, लघवी कॉफीच्या रंगाची येते. अशा वेळी चालवून “मोकळं” करायला जाऊ नका, स्नायू आणखी फाटतात. जागेवर उभं करा, पाणी ठेवा, डॉक्टर बोलवा.

चाऱ्यातही या आठवड्यात नवं काही नको. हिरवी ज्वारी घोड्याला कधीच नको, आणि सोयाबीनचं कुटार बैलांकडेच राहू द्या. गाईंच्या तयार पशुखाद्यात मोनेन्सिन हे औषध असू शकतं. गाईला ते पचतं, घोड्याचा जीव जातो. चार दिवस आधीपासून बादलीत मूठभर गूळ. परगावच्या पाण्याला वेगळा वास येतो आणि घोडं तोंड लावत नाही. ओळखीची गुळचट चव असली की पितं.

२ दिवस आधी. प्रवास, पिकअपमध्ये ५ तास. खाली रेती, वर तणस (भाताचा पेंढा). प्रवास म्हणजे काम; पूर्ण वेळ घोडं तोल सावरत असतं, म्हणून त्या दिवशी दुसरा व्यायाम नाही. मोरकीची (तोंडावरच्या बांधणीची) दोरी आखूड बांधून डोकं तासन्‌तास वर ठेवलं तर श्वासनळीतली घाण खाली निचरत नाही आणि फुप्फुसाला सूज येते. अडीच तासांनी थांबा, डोकं जमिनीपर्यंत खाली सोडलं, पाणी दाखवलं. उतरल्यावर तापमान ३८.१ सेल्सिअस, ठीक.

आदला दिवस. ३० मिनिटं चाल, १० मिनिटं दुडकी, एक छोटा कँटर. पूर्ण उभं ठेवलं तर पाय खालून सुजतात. मीठ नेहमीइतकंच, ४० ग्रॅम. आधीच जास्त क्षार भरून ठेवायचा खटाटोप व्यर्थ, जादा लघवीतून जातं.

शर्यत. शर्यत सुटण्याच्या ४ तास आधी दाणा, थोडा. गवत शेवटपर्यंत, म्हणजे आम्ल रिकाम्या पोटात उसळत नाही. १५ मिनिटं चाल, १० मिनिटं दुडकी. पहिली फेरी १ तास ४५ मिनिटं, १० मिनिटांत नाडी ५८. दुसरी उन्हात, ताशी १० वर आणली. १२ मिनिटांत ६०. मध्यंतरात क्षार दिले, पण घोडी पाणी प्यायल्यावरच. तहानलेल्या पोटात क्षार गेले की अंगातलंच पाणी आतड्यात ओढलं जातं.

अंगावर गार पाणी सारखं ओतत राहिलो. “गरम अंगावर गार पाणी नको” हे गावोगाव ऐकू येतं, पण १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या तयारीत घोड्यांवर हे तपासलं गेलं आणि गार पाण्यानं नुकसान झालं नाही, अंग लवकर निवलं.

नंतरचे दिवस. पहिल्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी तीनदा, २०-२० मिनिटं हातात धरून चाल, दाणा निम्मा. दुसऱ्या सकाळी विश्रांतीची नाडी ४०, म्हणून तिसऱ्या दिवशीही स्वारी नाही. खोगिराखाली बोटं फिरवून पाहिली, डाव्या बाजूला हलकी सूज. खोगिराखालचा नमदा (लोकरीची जाड घडी) दुमडला होता. चौथ्या दिवशी सूज ओसरली, नाडी ३६. सहाव्या दिवशी खोगीर टाकून ३० मिनिटं चाल आणि फक्त १० मिनिटं दुडकी. लांब काम आणखी दहा दिवस नाही, पुढची नालबंदी फेब्रुवारीच्या मध्यात.