फ्लडिंगचं मूळ सापडलं: ३०० सेकंद विरुद्ध ४ तास

फ्लडिंग म्हणजे स्विचनं फ्रेम (डेटाचं पाकीट) सगळ्या पोर्टांवर ओतणं. मागच्या नोंदीत मला लूपचा, म्हणजे फ्रेम स्विचांमध्ये गोल फिरत राहण्याचा, संशय होता; तो खोटा ठरला. पीसीचा नॅसवर (जाळ्यावरच्या साठवण यंत्रावर) बॅकअप सुरू झाला की पाचेक मिनिटांनी स्विच-ब वरचे सगळे दिवे एका तालात लुकलुकायचे आणि १०० एमबीपीएसच्या पोर्टवरचा कॅमेरा अडकायचा. पण वायरशार्कमध्ये (फ्रेम पकडून दाखवणारं सॉफ्टवेअर) एकही फ्रेम दोनदा दिसली नाही आणि एसटीपीचा (लूप रोखणारा प्रोटोकॉल) टोपोलॉजी चेंजचा, म्हणजे जाळ्याची रचना बदलल्याचा, आकडाही हलला नाही.

खरा धागा कॅमेऱ्याशेजारच्या रिकाम्या पोर्टवर सापडला. तिथे लॅपटॉप लावला, तर नॅसच्या मॅकसाठीच्या (मॅक म्हणजे यंत्राचा हार्डवेअर पत्ता) युनिकास्ट, म्हणजे एकट्या नॅससाठीच्या, फ्रेम धो धो येत होत्या. लगेच स्विच-ब चं मॅक टेबल (कोणता मॅक कोणत्या पोर्टवर, याची यादी) काढलं: व्हीलॅन १० मध्ये (व्हीलॅन म्हणजे त्याच स्विचांवर वेगळं केलेलं आभासी जाळं) नॅसची नोंदच नाही!

मांडणी आठवा. नॅस (व्हीलॅन १०) आणि राउटर आर१ स्विच-अ वर, पीसी (व्हीलॅन २०) आणि राउटर आर२ स्विच-ब वर, मधे ट्रंक (दोन्ही व्हीलॅन वाहणारी जोडणी). भार वाटावा म्हणून व्हीआरआरपीत (दोन राउटर मिळून एकच गेटवे चालवण्याचा प्रोटोकॉल) व्हीलॅन १० चा मास्टर, म्हणजे चालू गेटवे, आर१, तर व्हीलॅन २० चा आर२. त्यामुळे पीसीचा डेटा आर२ मधून नॅसकडे जातो, पण नॅसचं उत्तर आर१ मधून परततं. नॅसचा मॅक सोर्स म्हणून असलेली फ्रेम स्विच-ब ला दिसतच नाही. ३०० सेकंदांत तिथली नोंद गळते. आर२ ची एआरपी नोंद (कोणत्या आयपीचा मॅक कोणता) मात्र १४४०० सेकंद, म्हणजे ४ तास, टिकते, म्हणून आर२ नव्याने विचारत नाही, फ्रेम पाठवत राहतो. स्विचला पत्ता माहीत नाही, तो व्हीलॅनच्या सगळ्या पोर्टांवर ओततो. ९०० एमबीपीएस १०० च्या पोर्टात मावणार कसे?

मधेच हे फ्लडिंग आपोआप थांबायचं, त्याचंही कोडं सुटलं. नॅसचा एखादा ब्रॉडकास्ट (सगळ्यांसाठीचा संदेश) किंवा एमडीएनएस (स्थानिक जाळ्यात नावं शोधण्याचा संदेश) ट्रंकवरून आला की स्विच-ब पुन्हा शिकतो आणि पुढची पाच मिनिटं शांतता. आधी केबल बदलल्यावर ‘बरं’ वाटलं ते याचमुळे. मॅक टेबल दाखवत नाही असा स्विच प्रयोगासाठी घेऊच नका. हा दोष त्यावर कधीच पकडता आला नसता.

इलाज: दोन्ही राउटरांवर एआरपी टाइमआउट २७० सेकंद. आता नोंद गळायच्या आत आर२ विचारतो आणि नॅसचं उत्तर स्विच-ब मधूनच जातं. उलट मॅक एजिंग (मॅक टेबलातली नोंद टिकण्याची वेळ) १४४०० पर्यंत वाढवणंही चालतं, पण एका टोपोलॉजी चेंजनं टेबल रिकामं झालं की पहिले पाढे पंचावन्न. आयपर्फ३ या वेग मोजणाऱ्या साधनानं एकाच दिशेला १८०० सेकंद मारा केला: कॅमेऱ्याच्या पोर्टवर ड्रॉप शून्य. फार समाधान वाटलं.

हे लिहिता लिहिता वाटतंय, एवढ्याशा जाळ्यात भार वाटायची गरजच काय? दोन्ही व्हीलॅनचा मास्टर आर१ केला तर जाण्यायेण्याचा रस्ता एकच होईल. २७० तसेच ठेवून आधी हे करायचं, मग चालू बॅकअपमध्ये आर१ बंद करून व्हर्च्युअल मॅक (गेटवेचा सामायिक मॅक) दोन्ही स्विचवर किती सेकंदांत नव्या पोर्टवर सरकतो ते मोजायचं. स्टॉर्म कंट्रोल (ओतल्या जाणाऱ्या फ्रेमांवर मर्यादा) त्यानंतर.