मिठाने धरलेली डिस्क

हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, हे कोल्हापुरात सांगितले की ऐकणाऱ्याला पटकन खरे वाटत नाही. मी राहतो त्या मिशिगन राज्यात तर डेट्रॉइट शहराच्या पोटात, १००० फुटांहून अधिक खोलीवर, मिठाची मोठी खाण आहे आणि तिथले मीठ बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर पसरले जाते. खारे पाणी शून्य अंशाला गोठत नाही, म्हणून रस्ता मोकळा राहतो. पण तेच पाणी चार-पाच महिने गाडीच्या तळाशी उडत राहते आणि जिथे लोखंडाला लोखंड टेकलेले असते त्या फटीत शिरून बसते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे फट भरते, दोन्ही भाग एकमेकांना आवळून धरतात आणि सुट्टे निघावेत म्हणून बनवलेले भाग एकजीव झाल्यासारखे होतात.

माझ्या बारा वर्षांच्या गाडीचे पुढचे ब्रेक दाबले की स्टिअरिंग थरथरू लागले होते. चाक काढून पाहिले तेव्हा डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या तबकडीवर, किमान जाडी २६ मिलिमीटर असे कोरलेले होते आणि माझ्या मापात ती २५.८ भरली, म्हणजे डिस्क बदलायलाच हवी होती. कोल्हापुरात असतो तर गाडी उद्यमनगरात मिस्त्रींकडे लावून चहा घेऊन परत आलो असतो. इथे गॅरेजमध्ये नुसत्या मजुरीचे तासाला शंभर डॉलरहून अधिक पडतात, आणि हे काम आपल्याला यावे अशी माझी बरीच वर्षे इच्छाही होती.

मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी नऊ वाजता कामाला लागलो. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले, गाडी जॅकवर उचलली आणि मग तिचा भार स्टँडवर घेतला. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हातसुद्धा घालू नये, हे मी कळकळीने सांगतो. कॅलिपर, म्हणजे ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, सोडवून जाड तारेने स्प्रिंगला टांगला, कारण तो ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवला तर नळी आतून फाटू शकते. कॅलिपरचा ब्रॅकेट धरणारे दोन बोल्ट आणि डिस्कचे दोन चपट्या डोक्याचे स्क्रू बरेच झगडून निघाले. इथवर सगळे ठीक होते. त्यानंतर डिस्क ओढली, तर ती तसूभरही हलली नाही.

डिस्क ज्या मधल्या भागावर बसते त्या हबच्या कडेने गंज सोडवणारे तेल सोडले, अर्धा तास थांबलो आणि हातोडा घेतला. डिस्कच्या कडेवर मागून-पुढून घाव घालत राहिलो. तासाभराने कडेचा नखाएवढा टवका उडून गॉगलवर आदळला आणि मी थांबलो. गॉगल नसता तर तो टवका डोळ्यात गेला असता.

कोल्हापुरात तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. आबांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांची पस्तीस वर्षे उद्यमनगरातल्या एका मशीन शॉपमध्ये गेली. शिरोलीच्या फौंड्र्यांतून येणारी बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, कास्टिंग लेथवर लावणे हेच त्यांचे रोजचे काम. ब्रेकची डिस्कही बिडाचीच असते. त्यातला कार्बन ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात पसरलेला असतो, म्हणून बीड उष्णता चांगली वाहून नेते आणि कंप शोषून घेते. पण त्याच पापुद्र्यांमुळे ते ठिसूळही असते.

"कडंवर हाणू नकोस, बीड हाय ते, फुटंल," आबा म्हणाले. "आणि आत बेअरिंग हाय, त्याला कशाला बडवतोस? डिस्कच्या तोंडावर दोन रिकामी भोकं दिसत्यात काय बघ. त्यात आटं असतील."

भोके होती. गंजाने इतकी भरलेली होती की मला ती दिसलीच नव्हती. सुईने कोरून, तारेच्या ब्रशने घासून ती मोकळी केली, तेव्हा आतले आटे उजेडात चमकले. आठ मिलिमीटर जाडीचे, १.२५ मिलिमीटर अंतराच्या आट्यांचे दोन बोल्ट तेल लावून त्यात फिरवले. बोल्टचे टोक मागच्या हबला टेकते आणि डिस्कच स्वतःला बाहेर ढकलू लागते. आबांनी एकच शिस्त घालून दिली: एका बोल्टला पाव फेरा, मग दुसऱ्याला पाव फेरा आणि मधे दोन स्टडच्या, म्हणजे चाकाचे नट ज्यांवर बसतात त्या खुंट्यांच्या, मधल्या सपाट भागावर हलका ठोका. एकच बोल्ट आवळत गेलो असतो तर डिस्क तिरकी होऊन आणखी अडकली असती. ज्योतीने तापवू का, असे विचारले तेव्हा त्यांनी ठाम नकार दिला. बेअरिंगचे ग्रीस आणि रबरी सील जवळच असतात.

सहाव्या की सातव्या पाव फेऱ्यानंतर ठोका मारला आणि आबा फोनवरून म्हणाले, "सुटली."

मला काहीच हललेले दिसले नव्हते. पण ते आयुष्यभर कास्टिंग वाजवून तडा ओळखत आले आहेत, आणि इतका वेळ येणारा बसका आवाज जाऊन त्या ठोक्याला किंचित मोकळा, खणखणीत आवाज आला होता, हे त्यांनी टिपले होते. मी दोन्ही हातांनी डिस्क ओढली आणि ती तांबड्या भुकटीसह मांडीवर आली.

खरे काम यानंतरचे आहे, आणि घाईत नेमके तेच राहून जाते. हबच्या तोंडावर गंजाची खपली राहिली तर नवी डिस्क तिच्यावर तिरकी बसते. ही तिरपाई मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजावी इतकी बारीक असली, तरी फिरताना डिस्क प्रत्येक फेरीत पॅडला एकाच जागी घासते, तिथे जाडी असमान होते आणि काही हजार किलोमीटरनंतर तीच थरथर परत येते. म्हणून तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर घेऊन हब पांढरा दिसेपर्यंत घासला. एका चाकाला पाऊण तास लागला. मग गंज धरू नये म्हणून लावतात ते ग्रीस फक्त हबवर, बोटाने पुसल्यासारखे पातळ लावले. स्टडच्या आट्यांना ते लावले नाही, आणि डिस्कच्या घासणाऱ्या तोंडाला तर ते लागूच दिले नाही. नव्या डिस्कवरचे संरक्षक तेल ब्रेक क्लीनरने पुसले, नवे पॅड बसवले, कॅलिपरमधला, पॅडला ढकलणारा पिस्टन शिकंज्याने हळूहळू मागे ढकलला आणि चाकाचे नट पुस्तिकेप्रमाणे १०८ न्यूटन-मीटरला, समोरासमोरच्या क्रमाने आवळले. तुमच्या गाडीचा आकडा वेगळा असू शकतो, तो तिच्याच पुस्तिकेत पाहावा.

दुसऱ्या बाजूची डिस्क दोन बोल्टांनी वीस मिनिटांत निघाली. गाडी हलवण्यापूर्वी ब्रेकचे पेडल घट्ट होईपर्यंत दाबले, कारण मागे ढकललेला पिस्टन पॅडला टेकेपर्यंत पहिले काही दाब पोकळ जातात.

मागच्या डिस्क पुढच्या शनिवारी काढायच्या आहेत. त्यांच्या पोटात हँडब्रेकचे शू, म्हणजे आतून घासून चाक धरणाऱ्या पट्ट्या, असतात, म्हणून हँडब्रेक सोडून आणि आतला अ‍ॅडजस्टर सैल करून मगच ओढायचे, असे आबांनी बजावले आहे. त्या डिस्कच्या भोकांत आज रात्रीच तेल सोडून ठेवले आहे.