एका ग्रॅमचा जोर

मॉन्स्टर ट्रक हे खेळणं मुळात चिखलासाठी जन्माला आलेलं. रिमोटवर पळणाऱ्या १:८ मापाच्या, म्हणजे खऱ्याच्या एक-अष्टमांश आकाराच्या, ट्रकला डब्यातून निघताना जे टायर असतात, त्यांच्यावर बोटाच्या पेराएवढ्या रबरी गाठी असतात. मातीत त्या छान रुततात. पण शहरात माती कुठली? वाट्याला येतो तो सोसायटीचा सिमेंटचा रस्ता, नाहीतर रविवारचं रिकामं पार्किंग. तिथे या गाठी खोडरबरासारख्या झिजतात, वळणावर दुमडतात आणि अख्खा ट्रक डुलायला लागतो. खिळ्यांचे बूट घालून फरशीवर चालावं, तशातली गत. मग माणूस रस्त्याचे टायर शोधायला लागतो आणि चाक गोल असतं, हा लहानपणापासूनचा समज हळूहळू ढासळायला लागतो.

खरेदीआधी हब, म्हणजे आसाच्या टोकाचा चाक बसतं तो भाग, मोजावा. १:१० च्या ट्रकना बहुधा १२ मिमीचा षटकोनी हेक्स असतो, १:८ ना १७ मिमीचा. रिमचा व्यास २.८ किंवा ३.८ इंच. हे दोन आकडे जुळले की लोक ऑर्डर देऊन मोकळे होतात आणि ऑफसेट, म्हणजे चाक हबपासून किती बाहेर बसतं ते माप, विसरतात. अर्धा इंच ऑफसेटचं रिम तेवढं बाहेर येतं. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर बॉडीला घासतो आणि नव्या रबरावर पहिल्याच दिवशी गोल ओरखडा उमटतो.

दुसरा प्रश्न बेल्टचा. साधा टायर वेगात फुगतो: मधला भाग बाहेर येतो, कडा आत ओढल्या जातात आणि रुंद टायरची पातळ थाळी होते. रस्त्याला टेकतो तो मधला चिंचोळा पट्टा. पुढचे टायर जास्त फुगतात, कारण थ्रॉटल दाबताच ट्रकचं नाक हलकं होतं आणि मधला डिफरन्शिअल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी गिअरची डबी, जिकडे अडथळा कमी तिकडे सगळी ताकद सोडतो. त्यात घट्ट तेल भरलं तर थोडा फरक पडतो. पण ताशी ६० किमीच्या पुढे जायचं असेल, तर नक्षीखाली धाग्यांचा पट्टा असलेला बेल्टेड टायरच घ्यावा. इथे काटकसर करू नये.

रबर मात्र सगळ्यात मऊ घेऊ नये. मऊ रबर रस्ता घट्ट धरतं, हे खरं. पण ट्रक उंच असतो. वळणावर टायर सरकलाच नाही, तर ट्रक सरळ उलथतो. चांगल्या पकडीमुळेच कोलांटी खाणारं हे वाहन. मध्यम रबर आणि जमेल तेवढा बुटका टायर हा शहाणा सौदा. टायरचा व्यास बदलला की गिअरिंगही बदलतं. १० टक्के मोठा टायर म्हणजे मोटरला १० टक्के उंच गिअर. त्यामुळे पिनियनचा, म्हणजे मोटरवरच्या छोट्या दातेरी चाकाचा, एखादा दात कमी करावा आणि पाच मिनिटं पळवून मोटर किती तापते ते बघावं.

टायर आणि रिम वेगवेगळे आले असतील तर चिकटवणं आलं. टायरच्या कडेला साच्यातलं तेलकट आवरण असतं. ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्याशिवाय फेविक्विकच्या जातीचा कुठलाही डिंक धरत नाही. टायरच्या आतला आकार धरणारा फोम पिळलेला नाही आणि टायरची कड खोबणीत सगळीकडे सारखी बसली आहे, हे बोट फिरवून तपासावं. मगच पातळ डिंकाचे थेंब सोडावेत. चार थेंब कमी चालतील, ओघळ नको. घाईत तिरकी बसलेली कड नंतर कितीही वजनं लावली तरी सुधारत नाही.

आता तोल. १५० मिमी व्यासाचं चाक ताशी ८० किमीला मिनिटाला सुमारे २,८०० फेरे मारतं. रिमच्या काठावर, मध्यापासून ४८ मिमीवर, एक ग्रॅम जास्तीचा असेल तर त्या वेगाला तो सुमारे ४३० ग्रॅमच्या जोराने चाक बाहेर ओढतो. ताशी ४० ला हाच जोर शंभर ग्रॅमच्या आसपास. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट. म्हणून गल्लीत गुमान चालणारा ट्रक मोकळ्या रस्त्यावर घरघरायला लागतो. मग बेअरिंगं खुळखुळतात, हेक्सच्या पिनची भोकं लांबट होतात, स्क्रू सैल पडतात. दोष सर्वोला, म्हणजे स्टिअरिंग वळवणाऱ्या छोट्या मोटरला, दिला जातो.

तोल तपासायचा बॅलन्सर म्हणजे चाक मधे धरणारे दोन शंकू बसवलेली दांडी आणि ती टेकवायला बेअरिंगं. बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन पातळ तेलाचा एकच थेंब द्यावा, नाहीतर छोटा असमतोल त्या चिकटपणातच लपतो. चाक हलकेच फिरवून सोडावं. थांबलं की सगळ्यात खालच्या जागी मार्करने ठिपका द्यावा. असं तीनदा करावं. तिन्ही वेळा ठिपका खालीच आला, तर जड जागा सापडली. ठिपक्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला, रिमच्या आत, रुंदीच्या मध्यावर मुलांच्या क्लेची वाटाण्याएवढी गोळी चिकटवावी. मग ठिपका घड्याळातल्या नऊवर आणून हात काढावा. ठिपका खाली गेला तर क्ले वाढवायची, क्ले खाली गेली तर चिमटीने काढायची. पोळीच्या कणकेचा अंदाज असलेल्याला हे लवकर जमतं.

शेवटी ती गोळी काढून सोनाराच्या छोट्या काट्यावर तोलायची आणि तेवढंच कायमचं वजन लावायचं. गाड्यांच्या टायरवाल्याकडे चिकट वजनांची पट्टी मिळते. तिचा एकेक तुकडा पाच ग्रॅमचा असतो, तो पकडीने कापून घ्यावा. दोन-तीन ग्रॅमपेक्षा जास्त लागत असेल तर वजन लावू नये, कारण शोधावं. बहुतेकदा फोमने पाणी पिलेलं असतं किंवा आत खडा शिरलेला असतो. पेन्सिल टायरजवळ स्थिर धरून चाक सावकाश फिरवावं. फट मिलिमीटरभर कमीजास्त होत असेल तर टायर वाकडा बसला आहे. तो अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेवला की डिंक ढिला होतो आणि नव्याने बसवता येतो.

वजन लावण्याआधी ती जागा अल्कोहोलने पुसावी आणि वरून ॲल्युमिनियमची टेप घट्ट दाबावी. हा भाग कंटाळवाणा म्हणून वगळला जातो. मग दुसऱ्या फेरीनंतर ट्रक पुन्हा घरघरतो, चाक काढून पाहिलं तर धुळीने माखलेल्या रिमच्या आत नखाएवढा एक स्वच्छ चौकोन असतो.