अमावस्येचा नाद सोडला आणि गाडी मिळाली: शिंदवणे घाट अपडेट

मंडळी, दोन वर्षांत अकरा रात्री घातल्या आणि आत्ता कुठे एक फ्रेम अशी मिळालीये की तिच्यात रेल्वेगाडी पण आहे आणि आकाशगंगा पण, आणि दोन्ही एकाच ट्रायपॉडवरून एकाच रात्री.

सुरुवात अर्थात बोरघाटात केली होती, पुणेकर दुसरं कुठे जाणार. ३७ ला १ चा चढ (दर ३७ मीटरला एक मीटर वर), कर्जतहून मागे बँकर, म्हणजे ढकलायला जादा इंजिन, लावून चढणाऱ्या गाड्या, बोगद्याच्या तोंडातून फुटणारा उजेड, ऐकायला सगळं भारी. प्रत्यक्षात खाली खोपोली, शेजारी एक्सप्रेसवे, पश्चिमेला मुंबई-पनवेलकडचा पिवळा उजेड, वीस सेकंदांच्या फ्रेममध्ये आकाश चहाच्या रंगाचं येतं. चार रात्री तिथे गेल्या, गाडीच्या दिव्यांच्या रेघा, म्हणजे ट्रेल, सुंदर आले, तारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

मग मोर्चा पुणे-मिरज रेल्वे लाइनकडे. उरुळी कांचनवरून शिंदवणे घाटाचा रस्ता वर जातो आणि रेल्वे पण तिथेच शिंदवणे ते आंबळे डोंगर चढते. पुण्याचा उजेड वायव्येला, म्हणजे पाठीमागे राहतो, दक्षिण बऱ्यापैकी काळी मिळते, आणि आकाशगंगेचा गाभा, तो धनु-वृश्चिकेकडचा जाडजूड भाग, दक्षिणेलाच असतो. जागा पहिल्या फेरीतच पटली. चुकत होतं ते टायमिंग.

मी काय करायचो, एप्रिल-मेची अमावस्या धरायची आणि मध्यरात्रीनंतर पुण्याहून निघणाऱ्या महालक्ष्मी एक्सप्रेसची वाट बघत टेकाडावर बसायचं. गाभा तोवर आग्नेयेला छान वर आलेला असतो, गाडी येते, शटर उघडतो, आणि फोटोत काय तर हेडलाइटची एक रेघ आणि तिच्या मागे काळोख. तीन वेळा असं झालं, तिन्ही वेळा सेटिंगला शिव्या घातल्या. चौथ्या वेळी भाऊ बरोबर होता, तो जांभई देत म्हणाला, अरे दादा लोक झोपलेत ना, दिवे कोण लावून ठेवेल. झालं! रात्री एक वाजता स्लीपरचे डबे बंदच असणार, एसीच्या काचा तर आधीच काळसर. खिडक्यांचा पिवळा पट्टा हवा असेल तर गाडी संध्याकाळचीच पाहिजे, जेव्हा आत लोक डबे उघडून जेवत असतात. (मालगाडीला तर तोही पट्टा नाही, पुढे हेडलाइट आणि शेवटी लाल दिवा, मध्ये सगळा ठणठणाट.)

संध्याकाळी गाभा वर कधी असतो? सप्टेंबर-ऑक्टोबरात. सप्टेंबर पावसात जातो. ऑक्टोबरची अमावस्या म्हणजे बहुतेक लक्ष्मीपूजन, त्या दिवशी घाटात जातो म्हणलं तर घरात परत घेणार नाहीत. इथे मी वर्षभर अडकून बसलो होतो आणि उत्तर स्वयंपाकघरात कॅलेंडरवर टांगलेलं होतं. आईचा संकष्टीचा उपास, ती विचारते आज चंद्रोदय किती वाजता, आणि मी तिला वाचून दाखवताना डोक्यात ट्यूब पेटली, की अरे मला सगळी रात्र काळी कुठे पाहिजे, मला फक्त साडेसात ते पावणेनऊ पाहिजे! चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, म्हणजे कोजागिरीनंतरची संकष्टी झाली की एक-दोन दिवसांतच संध्याकाळ मोकळी, ती पार दिवाळीपर्यंत. एका रात्रीच्या ऐवजी दहा-बारा रात्री हातात. ऑक्टोबरच्या मध्याला गाभा साडेसातला नैऋत्येला चांगला उंच असतो, दहाच्या आसपास मावळतो, पण नऊनंतर क्षितिजाच्या धुरकटात काही राम राहत नाही.

आता गाडी. माझी क्रॉप बॉडी (लहान सेन्सरचा कॅमेरा) आणि सेकंडहँड टोकिना ११-१६ एमएम वाइड लेन्स. तारे टिपके राहायला हवे असतील तर ११ एमएमला वीस सेकंद बास, पाचशेच्या नियमाने (पाचशेला क्रॉप धरून आलेल्या फोकल लेंग्थने भागायचं) तीस निघतात पण कोपऱ्यात तारे तांदळासारखे लांबतात. उलट गाडीचा हिशोब बघा, बावीस डबे, एक डबा साधारण २४ मीटर, म्हणजे सव्वापाचशे मीटर, घाटात ताशी ४० धरलं तर एका खांबासमोरून जायलाच जवळजवळ पन्नास सेकंद. वीस सेकंदांच्या फ्रेम एकामागून एक जोडल्या तर मधल्या एका सेकंदाच्या गॅपमध्ये गाडी अकरा मीटर पुढे सरकते आणि पट्टा तुटतो. म्हणून आकाश वेगळं, एफ २.८, आयएसओ ३२००, वीस सेकंदांच्या दहा फ्रेम एकमेकांवर रचून स्टॅक. गाडीला बल्ब मोडमध्ये (शटर हवं तेवढा वेळ उघडं) एकच फ्रेम, एफ ८, आयएसओ २००, दीड मिनिट. ट्रायपॉड मध्ये हलवायचा नाही, म्हणजे नंतर दोन्ही एकमेकांवर चपखल बसतात. दुसऱ्या गावचं आकाश आणून चिकटवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त त्यांच्याबरोबर चहा पीत नाही.

हेडलाइटचा भडका मात्र यानेही जात नाही, एलईडी तर डोळ्यात टाचणी टोचल्यासारखा येतो. त्यावर उपाय वहीच्या कव्हरचा काळा पुठ्ठा. इंजिनचं तोंड वळणावर कॅमेऱ्याकडे वळलं की पुठ्ठा लेन्ससमोर धरायचा, हलवत राहायचा, तोंड फिरलं की काढायचा. बोनस असा मिळाला की गाडी दिसायच्या आधी तिचा उजेड कटिंगच्या (रुळांसाठी फोडलेल्या डोंगराच्या) खडकावर पडतो आणि अख्खी भिंत सोनेरी होते, माझ्या फ्रेममधला सगळ्यात आवडता तुकडा तोच आहे, त्यात गाडी नाहीचे. पण गाडी येतेय हे कळायला हवं. डिझेल होतं तेव्हा ते दोन वळणं आधीच ओरडत यायचं, आता विजेच्या वायरी झाल्यावर सिग्नलवर डोळा ठेवून बसावं लागतं.

दव पडतं, लेन्सला पायमोजा गुंडाळून आत हीट पॅक. आणि रस्त्याकडच्या टेकाडावरूनच काढा, रुळावर जाणं रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, लोको पायलटच्या दिशेने फ्लॅश किंवा टॉर्च तर चुकूनही नाही.

फ्रेममध्ये खोट एकच, ओव्हरहेड वायरचा एक खांब बरोबर गाभ्याच्या मधोमध उभा. वीस पावलं डावीकडे सरकलो तर बाभूळ आडवी येते. याच लाइनवर पुढे सालपे-आदर्की बाजूला कोणी संध्याकाळी उभं राहून आलंय का, वळण नैऋत्येला उघडतं का तेवढं सांगा, दिवाळीला अजून सहा रात्री आहेत.